धावरे : पायावर पसरणारी लाली

पायावर अचानक उमटणाऱ्या, गरम, दुखऱ्या आणि पाहता पाहता पसरणाऱ्या लालीला मराठीत ‘धावरे’ असे जुने नाव आहे. ‘धाव’ त्या नावातच आहे. असाच संसर्ग त्वचेच्या अधिक खोल थरांत पसरला की आम्ही डॉक्टर त्याला सेल्युलायटिस म्हणतो. पालख्या पुण्यातून पुढे गेल्या आणि पावसाने जोर धरला की असे पाय दवाखान्यात दिसू लागतात; बहुतेक साठी-सत्तरी ओलांडलेल्यांचे, त्यांतही मधुमेहींचे.

हे जंतू इतके वेगाने पसरतात कसे? आपल्या पेशींच्या मधल्या जागेत संयोजी ऊतक असते : तंतूंचे जाळे, आणि त्या जाळ्यात पाणी धरून ठेवणारा दाट गर. या गरात शर्करेच्या लांबलचक साखळ्या, म्हणजे बहुशर्करा असतात. त्यांतील प्रमुख असलेले हायल्युरॉनिक आम्ल कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गुरांच्या डोळ्यांतील पारदर्शक गरातून वेगळे केले. भेगेतून आत शिरलेले स्ट्रेप्टोकॉकस व स्टॅफिलोकॉकस जंतू हायल्युरॉनिडेज हे विकर सोडून या साखळ्या तोडतात. गर पातळ होतो आणि वाट मोकळी होते. जंतूंच्या भात्यात इतरही विकरे आणि विषे असतात. पण ऊतकाचा बांध फोडण्याचे काम समजून घेण्यास हे एक उदाहरण पुरेसे आहे. घोणसीच्या विषातही ते असते. आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्याभोवती भुलीचे औषध लवकर पसरावे म्हणून नेत्रतज्ज्ञ हेच विकर त्यात मिसळतात! शस्त्र तेच, हात निराळा.

म्हणूनच लालीवर लेप लावून ‘दोन दिवस पाहू’ म्हणणे मला धोक्याचे वाटते. चोळणे आणि शेकणे तर टाळावेच. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढावी, शेजारी वेळ लिहावी, पाय उशीवर उंच ठेवावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. उतारवयात ताप येईलच असे नाही. आजोबा एकाएकी असंबद्ध बोलू लागले किंवा जेवेनासे झाले, एवढीच खूण असू शकते. मधुमेहात संवेदना बोथट झाल्याने वेदनाही जाणवत नाहीत. याउलट दिसते त्या मानाने वेदना असह्य असतील, त्वचा काळीनिळी पडली, फोड आले किंवा गुंगी वाटू लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली ती पेनिसिलिन देशात तयार व्हावे म्हणून. धावऱ्याच्या स्ट्रेप्टोकॉकसवर ते आजही गुणकारी आहे. मात्र त्याची अ‍ॅलर्जी असल्यास आधी सांगावे. औषध सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी लाली रेघेबाहेर थोडी सरकू शकते, कारण मरणाऱ्या जंतूंमधूनही विकरे बाहेर पडतात. तेवढ्यावरून गोळ्या स्वतः बदलू नयेत. दोन दिवसांनंतरही ती वाढत असेल, किंवा मधेच प्रकृती ढासळली, तर मात्र तातडीने कळवावे.

लाली ओसरली तरी जंतूंची वाट शोधायची राहते. ती बहुधा बोटांच्या बेचक्यांतील चिखल्यांत किंवा टाचेच्या भेगेत सापडते. ज्येष्ठांना वाकून ते दिसत नाही. आंघोळीनंतर घरातल्या कोणीतरी बेचके कोरड्या फडक्याने टिपावे, चिखल्यांवर औषध घ्यावे आणि टाचांना रात्री व्हॅसलीन लावावे. बेचक्यांत मात्र ते लावू नये.