बिंदू चौकातून सायकलीवर : माणगाव आणि पोहाळे

दरवर्षी जुलै महिना आला की फ्रान्स देशातील खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर माणसांची रीघ लागते. जुनी दगडी घरे, द्राक्षांचे मळे, नद्यांवरचे कमानी पूल यांच्यामधून सायकलस्वार वाऱ्यासारखे निघून जातात. त्यांना पाहण्यासाठी घरची भाकरतुकड्याची शिदोरी घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे सकाळपासून रस्त्याकडेला बसतात. तिकीट नाही, फाटक नाही. ही 'तूर द फ्रान्स' शर्यत एका वर्तमानपत्राने आपला खप वाढावा म्हणून १९०३ साली सुरू केली. पहिल्या वर्षी अंतर होते २४२८ किलोमीटर. साठ जण निघाले, एकवीस जण पोहोचले. पहिला आला तो मोरिस गारँ. हा कोणी सरदारपुत्र नव्हता. लहानपणी लोकांच्या घरांची धुराडी साफ करून पोट भरणारा तो पोरगा होता.

त्याच फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांनी मोठा संप केला आणि कायद्याने वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी सुट्टी मिळवली. सुट्टी मिळाली, पण जायचे कशाने? मोटार परवडत नव्हती. हजारो कामगारांनी रोज कारखान्यात नेणारी तीच सायकल काढली, कोणी दोघांनी मिळून चालवायची जोडसायकल काढली आणि आपला देश पाहायला निघाले. जन्मभर ज्यांनी समुद्र पाहिला नव्हता त्यांनी तो पाहिला. आम्हाला त्या शर्यतीपेक्षा ही गोष्ट जास्त मोलाची वाटते.

आता आपल्या कोल्हापुराकडे येऊ. सायकल आपल्या घराला नवी नाही. शाहू मिलचा भोंगा वाजत होता तेव्हा पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जाई. ती मिल २००३ साली बंद पडली. उद्यमनगरात, शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत जाणाऱ्या माणसाच्या हँडलला डब्याची पिशवी आणि मागे कॅरिअरला रेनकोट असे. मुले भाड्याची सायकल तासावर आणून, दांड्याखालून पाय घालून हाफ पायंडल मारीत शिकत. आज त्याच घरात हप्त्यावरची मोटारसायकल उभी असते आणि जुनी सायकल जिन्याखाली गंजते किंवा भंगारवाल्याच्या काट्यावर जाते. मुलाला सायकलीवरून कॉलेजात जायची लाज वाटते. दुसरीकडे रविवारी पहाटे पन्हाळ्याच्या रस्त्यावर पाहा. डोक्याला हेल्मेट, डोळ्यांना काळा चष्मा, खाली लाखाच्या घरातली सायकल असे हौशी लोक जथ्याने जातात. त्यांचे आम्हाला कौतुकच आहे. पण सायकल आपल्यासाठी फक्त कामाची आणि त्यांच्यासाठी मौजेची, ही वाटणी कोणी केली?

हा प्रश्न वरवरचा नाही. गावच्या चावडीसमोरून, देवळासमोरून आपल्या माणसाने सायकलवर बसून जायचे नाही, खाली उतरून ढकलत न्यायची, अशी रीत कितीतरी गावांत होती. न उतरणाऱ्याला मार बसल्याच्या हकिगती जुन्या माणसांकडून आजही ऐकायला मिळतात. ताठ बसून रस्त्याने जाणे हासुद्धा मिळवावा लागलेला हक्क आहे. तो वापरायचा तर माणगावच्या रस्त्यावर वापरावा, असे आम्हाला वाटते.

निघायचे ते बिंदू चौकातून. तेथे जोतीराव फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे आहेत. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी, म्हणजे बाबासाहेब हयात असतानाच ते बसविण्यात आले. पहाटे साडेपाचला येथे जमावे. सांगली रस्त्याला लागून शिरोली ओलांडली की पुढे हेर्ले, चोकाक, अतिग्रे ही गावे लागतात. शिरोलीपर्यंतच्या वाहनांच्या गर्दीत एकामागोमाग एक राहावे, गप्पा मारीत जोडीने चालवू नये. अतिग्रेच्या बाजूने आत रुकडीकडे वळले की रस्ता शांत होतो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच एखाद्या गुऱ्हाळाचा धूर आणि कढईतल्या गुळाचा वास. रुकडीला रेल्वे स्टेशन आहे. कोल्हापूर-मिरज ही गाडी १८९१ सालापासून या मार्गाने धावते. येथे चहा घ्यावा. तेथून माणगाव जवळच आहे. एकूण अंतर वीस-पंचवीस किलोमीटर भरते. साध्या सायकलीने, रमतगमत, दोन तास. रस्ता बहुतेक सपाट असल्याने दहा-बारा वर्षांच्या मुलालाही जमेल.

माणगाव त्या वेळी कागल जहागिरीत होते. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी येथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. भीमराव आंबेडकर. वय अठ्ठावीस, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केलेले. 'मूकनायक' सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. गावचे आप्पासाहेब दादगोंडा पाटील हे जैन समाजाचे गृहस्थ परिषद भरविण्यासाठी झटले. दुसऱ्या दिवशी खुद्द राजर्षी शाहू छत्रपती आले. तुम्हाला तुमचा पुढारी सापडला आहे, असे त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले. ज्या राजाने १९०२ साली आपल्या राज्यात मागासवर्गासाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्यानेच हे सांगावे, आणि तेही राजवाड्यात नव्हे तर एका खेड्यात! महाराजांचा वाढदिवस सणासारखा साजरा करावा, असा ठराव त्या परिषदेत झाला. त्यानंतर काही महिन्यांतच, जुलैमध्ये, बाबासाहेब पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले. दोन वर्षांनी, ६ मे १९२२ रोजी, महाराज निवर्तले.

गावात परिषदेचे स्मारक आहे. मोटारीने येणारी माणसे फोटो काढून अर्ध्या तासात परततात. सायकलीने आलेल्या माणसाचे तसे होत नाही. त्याला घाम आलेला असतो, पाणी हवे असते, सावली हवी असते. तो पारावर बसतो, म्हातारी माणसे चौकशी करतात, कुठून आला, कुणाचे. परिषदेच्या आठवणी ज्यांनी आपल्या वाडवडिलांकडून ऐकल्या अशी घरे पंचक्रोशीत आहेत. मुलांनी वही सोबत ठेवावी आणि जे कानावर येईल ते नावागावासकट लिहून घ्यावे. १९२० साली गाडीवाटेने, पायी, शिदोरी बांधून आलेल्या माणसांना किती चालावे लागले असेल, हे पंचवीस किलोमीटर पायंडल मारल्यावर मुलांच्या पायांना कळते. पुस्तकातून ते कळत नाही.

दुसरी फेरी पोहाळ्याची. ही थोडी कसाची आहे. शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याने केर्ली गाठावी आणि तेथून जोतिबाच्या डोंगराकडे, कुशिरे-पोहाळ्याच्या बाजूला वळावे. वाटेवर सोनतळी लागते. शाहू महाराजांचा येथे कॅम्प होता. इंग्रज सरकारने ज्यांना गुन्हेगार जमात ठरविले त्या फासेपारध्यांना त्यांनी येथे वसविले आणि राखणीच्या कामावर ठेवले. रविवार हा जोतिबाचा वार, त्यामुळे गाड्यांची वर्दळ वाढायच्या आत डोंगराचा पायथा गाठलेला बरा. चढ आला की खाली उतरून सायकल हातात धरून चालावे. त्यात कमीपणा नाही.

पोहाळ्याला डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी आहेत. खांबांचा विहार आणि त्याच्या कडेने भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या. आत शिरले की बाहेरचे ऊन एकदम तुटते. येथे डोंगरात येऊन भिक्खू का राहिले? सह्याद्रीतील बहुतेक जुनी लेणी व्यापारी वाटांच्या आधाराने उभी राहिली. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल घाट चढून वर बाजारपेठांकडे जाई. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर सन १९४५-४६ मध्ये डॉ. सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केले. सातवाहन काळातील वस्ती तेथे उजेडात आली. त्याच टेकाडात पोसायडन या ग्रीकांच्या समुद्रदेवाची छोटी धातूची मूर्ती मिळाली. समुद्रापासून इतक्या आत समुद्राचा देव आला तो व्यापाऱ्यांच्या सामानातूनच. टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात ती पाहता येते.

याच कोल्हापुरात एकोणिसाव्या शतकात एक टेकाड सपाट करताना जुन्या स्तूपाचे अवशेष मिळाले. आत दगडी पेटी आणि तिच्यात स्फटिकाचा करंडक. पेटीच्या झाकणावर ब्राह्मी अक्षरांत दोन नावे कोरलेली आहेत. दान देणारा बम्ह आणि ते काम करवून घेणारा धम्मगुत्त. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कोल्हापूरकरांची नावे म्हणून आमच्या मनात ही दोन पक्की बसली आहेत. मुलांना राजांच्या नावांबरोबर हीही पाठ असावीत.

ज्यांना इतके लांब जायचे नाही त्यांनी वळिवड्याला जावे, ते शहराला लागूनच आहे. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेल्या सुमारे पाच हजार पोलिश लोकांची, मुख्यतः बायकामुलांची छावणी १९४३ ते १९४८ या काळात येथे होती. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगरची बाजारपेठ उभी राहिली. कापड घ्यायला आपण सारेच तिथे जातो, पण छावणीची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

आता सायकलीविषयी. नवी घेण्याची गरज नाही. जिन्याखालची काढावी, चेनला तेल द्यावे, ब्रेकचे रबर बदलावे, चाकाच्या तारा ताणून घ्याव्यात. हवा भरताना अंगठ्याने दाबून टायर जेमतेम दबेल इतकी असावी. सीट इतकी उंच हवी की पायंडल खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहील. बहुतेक माणसे सीट खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकलला नावे ठेवतात. बरोबर हातपंप, सोल्युशन, रबराचे तुकडे आणि एक पाना, दर माणशी दोन लिटर पाणी, भाकरी-चटणी आणि गुळाचा खडा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

भगिनींनी घरी थांबून डबे भरून देऊ नयेत, त्यांनीही निघावे. १९९१ च्या सुमारास तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारो बाया सायकल शिकल्या. खाणीत दगड फोडणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बाया होत्या त्या. गावातले लोक आधी हसले, मग थकले. फ्रान्सच्या त्या शर्यतीतही २०२२ पासून बायकांची स्वतंत्र फेरी दरवर्षी होते. साडीवर चालवायची तर पुढचा दांडा नसलेली सायकल आणि चेनला झाकण पाहिजे, पदर कमरेला घट्ट खोचावा. वस्तीत एखादी तरी अशी सायकल असतेच. चार घरांत मिळून एक पुरते.

दिवस निवडायचे ते ऑक्टोबर ते फेब्रुवारी. या काळात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात, त्यांच्या मागे लागून सायकल चालवू नये, ऊस घसरून पडतो. पावसाळ्यात पंचगंगा चढली की खालचे रस्ते पाण्याखाली जातात, २०१९ आणि २०२१ साली ते सर्वांनी पाहिले. परतीला निघायचे ते दहाच्या आत, आणि रुकडीच्या अलीकडे कोणाचे गुऱ्हाळ चालू असेल तर रसाचा पेला घेऊन.