यादीत नसलेली माणसे

शाश्वत विकास, सर्वसमावेशक शहर, लोकसहभाग. हे शब्द इतके कानावर पडतात की त्यांचा अर्थ विचारायचे आपण सोडून दिले आहे. २०१५ साली संयुक्त राष्ट्रसंघाने सतरा उद्दिष्टे ठरवली. त्यांतले अकरावे शहरांविषयी आहे. २०३० पर्यंत प्रत्येकाला पुरेसे, सुरक्षित आणि परवडणारे घर मिळावे, असे ते सांगते. वाक्य छानच आहे. पण बँकेत खातेवह्या तपासण्यात हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला लगेच शंका येते, 'प्रत्येक' म्हणजे नेमके कोण? यादी कुठे आहे?

याचे उत्तर चाळीस वर्षांपूर्वी मुंबईत, भायखळ्याच्या फुटपाथवर शोधले गेले. जुलै १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे न्यायालयाने मान्य केले. पण फुटपाथवरच्या झोपड्या हटवायलाही मुभा दिली. फक्त ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा, म्हणजे पावसाळा निघून जाईल, एवढीच सवलत. आता हटवायचे तरी किती जणांना? ते कोण, कुठले? याचा हिशेब कुणाकडेच नव्हता.

वर्षभरापूर्वीच सुरू झालेल्या 'स्पार्क' या संस्थेने फुटपाथवरच्या लोकांना सोबत घेऊन गणना केली. सुमारे ६ हजार कुटुंबांची माहिती जमली. अहवालाचे नाव होते 'आम्ही, अदृश्य'. ही माणसे काल आलेली नव्हती. कित्येक जण वर्षानुवर्षे तिथेच राहत होते आणि जवळपासच कामाला जात होते. फुटपाथ त्यांनी हौसेने निवडला नव्हता. तिथून कामावर चालत जाता येत होते.

१९८६ मध्ये या बायकांनी 'महिला मिलन' उभे केले आणि बचत सुरू केली. इथे माझ्यातला बँकवाला कान टवकारतो. त्या काळी आमच्याकडे खाते उघडायचे तर पत्ता लागे आणि जुन्या खातेदाराची ओळख लागे. फुटपाथवरच्या बाईजवळ दोन्ही नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बायकांनी रंगीत कागदाच्या तुकड्यांवर हिशेब ठेवला. रंगावरून रक्कम कळे. अडीनडीला कर्जही त्यातूनच. तारण काय, तर शेजारणीचा शब्द!

मग त्यांनी घराचा नमुना केला. खोली लहान, पण १४ फूट उंच, म्हणजे वर माळा काढता येतो. संसार कुठे मावतो, हे वास्तुविशारदापेक्षा त्यांनाच ठाऊक होते. झोपडपट्टीवासीयांचे नेते जॉकिन अर्पुथम आणि त्यांचे राष्ट्रीय फेडरेशन यांच्या साथीने ही रीत इतर देशांत पोचली. १९९६ मध्ये, शहरांवरची इस्तंबूल परिषद झाली त्याच वर्षी, अशा संघटनांचे आंतरराष्ट्रीय जाळे तयार झाले. जून २००१ मध्ये, त्या परिषदेला पाच वर्षे झाली तेव्हा, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्य इमारतीतच घराचा पूर्ण आकाराचा नमुना उभा राहिला. सोबत लहान मुलांच्या संडासाचाही! सरचिटणीस कोफी अन्नान तो पाहायला आले.

याने सारे सुटले, असे कोण म्हणेल? पुढे मुंबईत रेल्वे रुळांलगतच्या हजारो कुटुंबांचे पुनर्वसन झाले. त्यातही लोकांनी स्वतः केलेल्या याद्या कामी आल्या. पण अनेकांना घर मिळाले ते मानखुर्दकडे. रोजगार राहिला दूर, आणि लोकलचे तिकीट खर्चात वाढले. यादी म्हणजे घर नव्हे. मात्र यादीशिवाय घराचा विषयही निघत नाही, हे तितकेच खरे.

म्हणून मोठ्या परिषदांच्या ठरावांपेक्षा मला गणनेची काळजी वाटते. आपली २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेली आणि पुढची सगळी वर्षे शहरांचे आराखडे २०११ च्या आकड्यांवर बेतले गेले. मधल्या काळात आलेली माणसे कुठल्या रकान्यात होती?

प्रगणक तुमच्या दारी आला की माहिती द्याच. शिवाय भांडी घासायला येणाऱ्या मावशींना आणि सोसायटीच्या रखवालदाराला एवढे विचारा, ''तुमच्याकडे येऊन गेला का हो?'' उत्तर 'नाही' आले, तर त्यांच्याबरोबर वॉर्ड ऑफिसपर्यंत जा. लोकसहभाग म्हणतात तो निदान इथून सुरू करता येईल.