आधी सीट की आधी प्रवासी?

उज्जैनच्या देवास गेटला, रेल्वे स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, बस स्टँड आहे. अशा ठिकाणच्या ट्रॅव्हल एजंटांचा धंदा पूर्वी फोन आणि सीटच्या तक्त्यावर चाले. एजंटाकडे ज्या गाडीचा कोटा नाही, ती गाडी प्रवाशाच्या लेखी नसायचीच. ही अडचण हेरून फणींद्र सामा आणि त्यांच्या दोन मित्रांनी २००६ मध्ये बंगळुरूत रेडबस ही ऑनलाइन बस-तिकिटांची कंपनी सुरू केली.

सॉफ्टवेअर लिहिणं त्यातलं सोपं काम. खरी कोंडी अशी, की सीटा नसतील तर ग्राहक फिरकत नाही आणि ग्राहक नसतील तर बसमालक सीटा देत नाही. इथे जाहिरातीवर पैसा ओतण्यात अर्थ नसतो. आलेला माणूस रिकामं पान बघून जातो, तो बहुधा कायमचाच. म्हणून त्यांनी आधी मालकांकडून मोजक्या सीटा मिळवल्या आणि सणासुदीला गावी जाणाऱ्या आयटीतल्या नोकरदारांना गाठलं. गिऱ्हाईक थोडं, पण एका जागी सापडणारं आणि गरजू.

२०१३ मध्ये इबिबो या कंपनीनं रेडबस विकत घेतली. एजंट मात्र संपले नाहीत. गाडी रद्द झाली तर भांडायला समोर माणूस लागतो. ती सोय अ‍ॅपवाल्यांना अजून जमलेली दिसत नाही.