अवजारे कोणाच्या अंगणात?

कारंजा तालुक्यातले कामरगाव घ्या, नाहीतर दुसरे कोणतेही गाव. तिथल्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटात लिनक्स आहे. लिनस टॉर्व्हाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याची सुरुवात केली. लिनक्स म्हणजे खरे तर फक्त ‘कर्नल’, कार्यप्रणालीचा गाभा. मेमरी कोणाला किती द्यायची, प्रोसेसर कोणी कधी वापरायचा, हे तो ठरवतो. आपण वापरतो ते प्रोग्रॅम गाभ्याबाहेर राहतात. मग गाभ्याशी अगदी जवळून काम करणारी अवजारे त्याच्याच सोर्स कोडमध्ये ठेवावीत का?

वखराचे उदाहरण पाहू. लाकूडकाम सुताराचे, पास लोहाराची. दोघे एकाच अंगणात बसले, तर सुताराने माप बदलताच लोहार तशी पास घडवून देईल. काम झटपट होईल. संगणकाच्या कामाची मोजदाद करणारे ‘पर्फ’ हे अवजार २००९ साली लिनक्सच्या सोर्समध्ये आले. गाभ्यात नवी सोय आली, की तिचा उपयोग करणारे अवजारही सोबतच तयार!

पण माप दोघांच्या डोक्यातच राहिले, तर शेजारच्या गावच्या लोहाराची पास बसेल कशी? आणि मागच्या हंगामातल्या वखराचे काय? लिनक्सचा दंडकच आहे, की गाभा बदलला तरी बाहेरचा चालता प्रोग्रॅम बंद पडता कामा नये. अवजार घरचेच असले, की दोन्हीकडे एकदम बदल करून मोकळे होण्याचा मोह होतो.

२०११ साली हा वाद रंगला. एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवण्याची ‘केव्हीएम’ ही सोय गाभ्यात २००७ सालीच आली होती. तिच्यासाठी लागणारे ‘क्यूएमू’ हे अवजार मात्र बाहेरचे. पेक्का एनबर्ग यांनी एक छोटे, नवे अवजार लिहिले आणि ते लिनक्सच्या सोर्समध्ये घ्यावे, अशी मागणी झाली. पर्फच्या कामात पुढे असलेले इंगो मोल्नार त्याच्या बाजूने होते. टॉर्व्हाल्ड्स यांनी ते घेतले नाही. ‘केव्हीएमटूल’ या नावाने ते स्वतंत्रपणे नांदले.

मला वाटते, अवजार कुठे ठेवले यापेक्षा माप सर्वांसाठी उघडे आहे का आणि ते पाळले जाते का, हे महत्त्वाचे. पर्फ घरात राहूनही जुन्या गाभ्याशी जुळवून घेते, म्हणून ते खपते. उद्या कामरगावच्या एखाद्या मुलीने स्वतःचे अवजार लिहिले, तर कोणाच्या परवानगीवाचून ते या गाभ्यावर चालले पाहिजे. अंगण कोणाचेही असो, माप गावाचे हवे.