पडद्यावरची शास्त्रज्ञ आणि प्रयोगशाळेतली मुलगी

‘शास्त्रज्ञाचे चित्र काढा’ असे सांगितले, की मुले काय काढतात? डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४,८०७ मुलांची चित्रे होती. त्यातल्या फक्त २८ चित्रांत स्त्री शास्त्रज्ञ होती, आणि ती सगळी मुलींनी काढलेली. ही प्रतिमा पुसायची, तर आधी शिक्षकाच्या मनातली पुसावी लागते.

दोन वर्षांच्या बी.एड.च्या राष्ट्रीय आराखड्यात ‘लिंगभाव, शाळा आणि समाज’ हा विषय आहे. नांदेड-लातूरच्या अध्यापक महाविद्यालयांत तो नुसता वाचून दाखवण्यापेक्षा चित्रपटातून उलगडता येईल. पूर्ण चित्रपट नको. दहा मिनिटांचा प्रसंग आणि त्यावर तासभर चर्चा पुरे.

‘मिशन मंगल’ (२०१९) घ्या. त्यातली तारा शिंदे गॅस बंद करूनही गरम तेलात पुऱ्या तळता येतात, यावरून यानाचे इंधन वाचवण्याची कल्पना मांडते. प्रसंग गोड आहे. पण विचारावे, पुरुष शास्त्रज्ञाची बुद्धी दाखवायला दिग्दर्शक स्वयंपाकघरात गेला असता का? की घरातल्या अनुभवालाही विज्ञान मानणे हेच बरोबर? दोन्ही बाजूंनी बोलणारे निघतील, आणि तेच हवे.

‘आनंदी गोपाळ’ (२०१९) पाहताना प्रश्न वेगळा. १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाईंची ही गोष्ट, की त्यांना शिकवणाऱ्या नवऱ्याची? ‘हिडन फिगर्स’मध्ये कॅथरीन जॉन्सन वेगळ्या स्वच्छतागृहासाठी धावतात, प्रत्यक्षात त्यांनी तो नियम पाळलाच नव्हता. पडद्यावरचे तपासून घ्यायचे, हाही विज्ञानाचाच धडा.

आपल्याकडे कमला सोहोनींची कथा आहे. १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली.

‘लातूर पॅटर्न’मुळे इथल्या मुली वैद्यकीय प्रवेशाच्या स्पर्धेत आहेतच. पण गुण मिळवणे वेगळे आणि प्रश्न विचारण्याची, उपकरण उघडून पाहण्याची सवय वेगळी. म्हणून चर्चा संपली, की भावी शिक्षकांना एकच काम द्यावे. सराव पाठाच्या वेळी शाळेच्या प्रयोगशाळेत पाहायचे: सूक्ष्मदर्शक कुणाच्या हातात असतो, आणि जर्नल कोण लिहीत बसते? उत्तर वहीत मांडा. पुढच्या तासाला अदलाबदल करा.