तीन गळे आणि झिजत गेलेली टेप

गाणं सुरू होऊन तीन मिनिटं झालेली असतात. गिटारचा आलाप टिपेला जाऊन संपतो, पियानोवर तुटक, एकसारखे ठोके पडू लागतात आणि एक माणूस हळू आवाजात काहीतरी पाहिल्याचं सांगू लागतो. त्याला उत्तर येतं ते अख्ख्या जमावाचं. कुणी डावीकडून ओरडतं, कुणी उजवीकडून, वरून बाईसारखा पातळ आवाज येतो, खालून खर्ज घुमतो. त्या माणसाला सोडायचं की नाही, यावर जणू दोन गटांचं कडाक्याचं भांडण जुंपतं. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘बोहेमियन रॅप्सडी’मधला हा ऑपेरासारखा भाग. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, लंडनच्या एखाद्या ऑपेरा हाऊसमधून पन्नास-साठ गायक गोळा करून आणले असावेत.

गाणारे तिघंच होते. फ्रेडी मर्क्युरी, गिटार वाजवणारा ब्रायन मे आणि ड्रम वाजवणारा रॉजर टेलर. त्यांत बाई एकही नव्हती, वरचा पातळ आवाज टेलरचा. बँडमधला चौथा, बास वाजवणारा जॉन डीकन, या भागात गायलेलाच नाही.

तिघांचा एवढा जमाव झाला कसा, हे कळलं की गाणं दुसऱ्यांदा नव्यानं ऐकू येतं. 1975 मध्ये संगणकावर ध्वनिमुद्रण नव्हतं. होती ती दोन इंच रुंदीची चुंबकीय टेप, आणि तिच्या रुंदीत शेजारी शेजारी मावणारे 24 ट्रॅक. प्रत्येक ट्रॅकवर वेगळा आवाज भरता येई आणि सगळे एकदम वाजवता येत. पियानो, बास, ड्रम आणि गिटारनं त्यातले बरेच ट्रॅक आधीच अडवलेले. उरलेल्या जागेत गर्दी बसवायची होती.

तिघांनी मायक्रोफोनसमोर एकत्र उभं राहून एकच ओळ एकाच सुरात गायची. मग तीच ओळ पुन्हा, दुसऱ्या ट्रॅकवर. पुन्हा एकदा. कोणताही माणूस एकच ओळ दोनदा तंतोतंत सारखी गात नाही, केसभर फरक पडतोच. त्या फरकामुळेच तीन माणसं सहा, सहाची नऊ वाटू लागतात. एक सूर असा जाड झाला की स्वरमेळातला दुसरा सूर, मग तिसरा. प्रत्येक थरात तिघांचेही गळे असल्यामुळे पोत एकसंध राहतो. मे याच्या आवाजात खालची घनता, मर्क्युरीच्या आवाजात मधली धग, टेलरच्या आवाजात वरची धार.

ट्रॅक भरले की ते सगळे एकत्र करून एक-दोन मोकळ्या ट्रॅकवर उतरवायचे आणि आधीचे पुसून जागा करायची. मला या कामातली खरी छाती इथं दिसते. एकदा उतरवलं की संपलं. अमुक आवाज जरा कमी हवा होता, असं आठवड्यानं वाटलं तरी मागे जाता येत नाही. पुढचे थर मनात आधी ऐकू यायला हवेत, आणि त्या बेतानं आज निर्णय घ्यायला हवा. शिवाय प्रत्येक उतरवणीत टेपची खरखर वाढते आणि आवाजाची चकाकी थोडी कमी होते. असे जवळजवळ 180 थर चढवल्याचं बँडच्या मंडळींनी सांगितलं आहे. दिवसाला दहा-बारा तास गाणं चाले. जेमतेम मिनिटभराच्या या भागाला सुमारे तीन आठवडे लागले.

टेपवर तपकिरी रंगाचा लोहाच्या ऑक्साइडचा लेप असतो आणि आवाज त्या लेपात साठवलेला असतो. टेप यंत्राच्या हेडवरून सरकली की लेपाचा कणभर अंश घासून निघतो. एरवी त्यानं काही बिघडत नाही. इथं मात्र तीच टेप शेकडो वेळा पुढे-मागे झाली. वापरून वापरून पाटा गुळगुळीत व्हावा तशी ती झिजली, आणि उजेडासमोर धरली तर आरपार दिसायला लागली, असं मे यानं सांगितलं आहे. नवा आवाज चढत होता आणि जुना निघून जात होता. गाणं पूर्ण होणं आणि टेप संपणं यांची ती शर्यतच होती.

आणि फ्रेडीचं मन भरत नव्हतं. निर्माता रॉय थॉमस बेकर यानं ऑपेराच्या भागासाठी आधी थोडीशी कोरी टेप मध्ये जोडून ठेवली होती. फ्रेडी रोज येऊन ऑपेरातला ‘गॅलिलिओ’ हा शब्द आणखी एकदा वाढवायचं म्हणे, आणि बेकर ब्लेडनं टेप कापून मध्ये आणखी एक तुकडा चिकटवी. बेकर या कामाला नवखा नव्हता. डेक्का कंपनीत असताना डॉयली कार्ट या प्रसिद्ध ऑपेरा मंडळीच्या ध्वनिमुद्रणांत त्यानं काम केलं होतं. माणसांच्या आवाजातून वाद्यवृंदाचं काम कसं करून घेतात, हे त्यानं जवळून पाहिलेलं होतं.

हेडफोन लावून ऐकलं, तर एक जागा हमखास सापडते. ‘मॅग्निफिको’ हा शब्द वरून खाली घरंगळत येतो तिथं स्वरमेळातला एकेक सूर वेगळ्या आवाजात लागतो, लागला की तिथंच थांबून राहतो, आणि पुढचा सूर कानाच्या दुसऱ्या बाजूला उमटतो. चार घंटा एकामागोमाग वाजाव्यात आणि सगळ्यांचा नाद एकात एक मिसळावा, असा परिणाम. क्वीनची मंडळी त्याला घंटेचाच परिणाम म्हणत. आणि भाग संपताना सगळ्यांच्या वर जो आवाज चढतो, चढतो आणि तिथंच ताणून धरला जातो, तो टेलरचा. पुरुषाच्या गळ्यातून तो सूर निघतो यावर पहिल्या झटक्यात विश्वास बसत नाही.

पेटीवर सूर लावून बसणाऱ्यांसाठी आणखी एक गंमत. हे गाणं काळी पाचमध्ये सुरू होतं. गिटारच्या आलापाशी ते काळी दोनवर येतं. ऑपेरा सुरू होतो तो थेट पांढरी सहामध्ये. काळी दोनला षड्ज धरला, तर पांढरी सहा म्हणजे त्याचा तीव्र मध्यम, षड्जापासून सप्तकाच्या बरोबर मध्यावर असलेला सूर. तिथंच नवा षड्ज मांडायचा म्हणजे ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन काढून घेण्यासारखं आहे. आपण आता वेगळ्याच ठिकाणी आलो, ही जाणीव शब्द कळण्याआधी होते ती यामुळे. पुढे कडक रॉकच्या भागात गाणं पुन्हा काळी दोनवर येतं, आणि टेलरच्या मोठ्या गाँगच्या घुमाऱ्यात संपतं ते पांढरी चारवर. सहा मिनिटांना पाच सेकंद कमी. एवढ्यात विनासाथ स्वरमेळ, पियानोवरचं विरहगीत, गिटार, ऑपेरा, रॉक आणि निरोप. ध्रुवपद म्हणून पुन्हा पुन्हा येणारी ओळ नाही.

हे सगळं ज्याच्या डोक्यातून आलं, त्या फ्रेडीचं मूळ नाव फारुख बलसारा. जन्म 5 सप्टेंबर 1946, झांझिबार. घर पारशी, मूळ गुजरातेतल्या वलसाडकडचं. वयाच्या आठव्या वर्षी त्याला शिकायला पाठवलं ते आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेत. पियानो तो तिथं रीतसर शिकला, परीक्षा दिल्या, आणि बाराएक वर्षांचा असताना शाळासोबत्यांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढून अमेरिकी रॉक अँड रोल वाजवू लागला. सह्याद्रीच्या त्या पठारावर, घरापासून समुद्रापार, हा मुलगा शाळेच्या पियानोवर बोटं बसवत होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘बोहेमियन रॅप्सडी’ पियानोवर रचलेलं गाणं आहे. त्याची सगळी वळणं पियानोवर बसलेल्या हातांना सुचलेली आहेत. 1964 मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब सगळं सोडून इंग्लंडला आलं.

क्वीन 1970 मध्ये जमला, डीकन पुढच्या वर्षी आला. मे खगोलभौतिकीचा विद्यार्थी, टेलर आधी दंतवैद्यक शिकणारा, डीकन इलेक्ट्रॉनिक्समधला. 1975 पर्यंत तीन अल्बम निघाले होते, नाव झालं होतं, पण आधीच्या व्यवस्थापकांशी झालेल्या करारामुळे हातात पैसा नव्हता, उलट कर्ज होतं. ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ हा चौथा अल्बम पडला असता, तर बँड टिकला असता की नाही, सांगता येत नाही. अशा वेळी शहाणी माणसं तीन मिनिटांचं सोपं प्रेमगीत करतात. यांनी त्या काळातला सर्वांत खर्चिक म्हणून गाजलेला अल्बम करायला घेतला.

फ्रेडीनं हे गाणं बेकरला पहिल्यांदा ऐकवलं ते आपल्या घरी, पियानोवर. सुरुवातीचा भाग वाजवला, मध्येच थांबला आणि आता इथं ऑपेरा येतो, एवढंच सांगितलं. मग दोघं जेवायला बाहेर पडले. पुढचा आराखडा फ्रेडीच्या डोक्यात होता आणि कागदाच्या चिठोऱ्यांवर. 2023 मध्ये लंडनला सदबीजनं त्याच्या वस्तूंचा लिलाव केला, तेव्हा एका विमान कंपनीच्या छापील कागदांवरचं या गाण्याचं कच्चं टिपण समोर आलं. वर लिहिलं होतं ‘मंगोलियन रॅप्सडी’. त्यातला पहिला शब्द खोडून ‘बोहेमियन’ केलेला. शब्दांचा अर्थ सांगायचं त्यानं जन्मभर टाळलं. ऐका आणि तुमचं तुम्ही ठरवा, असंच तो म्हणत राहिला. ते योग्यच केलं असं मला वाटतं.

ध्वनिमुद्रण ऑगस्ट 1975 मध्ये वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत सुरू झालं आणि आणखी काही स्टुडिओंतून फिरत पूर्ण झालं. मग रेकॉर्ड कंपनीशी वाद. एवढं लांब गाणं रेडिओवर कोण लावणार? कापून लहान करा. बँड ऐकेना. व्यवस्थापक जॉन रीड यानं ते गायक एल्टन जॉनला ऐकवलं, तर त्यालाही हा वेडेपणाच वाटला. कोंडी फोडली केनी एव्हरेटनं. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरच्या या निवेदकाला रेकॉर्ड दिली होती ती लावायची नाही या बोलीवर. त्यानं एका शनिवार-रविवारात ती 14 वेळा लावली. सोमवारी लोक दुकानांत जाऊन अजून बाजारातच न आलेली रेकॉर्ड मागू लागले.

31 ऑक्टोबर 1975 ला ती बाजारात आली, अख्खी. 29 नोव्हेंबरला ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली आणि नऊ आठवडे तिथून हलली नाही. टीव्हीवर नुसते ओठ हलवून हे गाणं दाखवणं अवघड होतं, आणि बँडला दौऱ्यावर निघायचं होतं, म्हणून 10 नोव्हेंबरला एल्स्ट्री स्टुडिओत ब्रूस गॉवर्सनं चारएक तासांत एक चित्रफीत उरकली. एका चेहऱ्यामागे तोच चेहरा पुन्हा पुन्हा लांबवर दिसत जातो, ती करामत कॅमेरा त्याच्याच पडद्याकडे वळवून केलेली. गाण्याबरोबर चित्रफीत हवीच, हा रिवाज पक्का व्हायला तिचा मोठा हात आहे. आणि नऊ आठवड्यांनंतर या गाण्याला खाली ओढलं ते अ‍ॅबाच्या ‘मामा मिया’नं, हेच दोन शब्द क्वीनच्या ऑपेरातही आहेत!

रंगमंचावर मात्र पेच पडला. 180 थर तीन माणसं समोर उभी राहून कशी गाणार? सुरुवातीला हे गाणं ते तुकड्यातुकड्यांनी, दुसऱ्या गाण्यांत मिसळून गात. पुढे सरळ मार्ग काढला: ऑपेराचा भाग आला की दिवे बदलायचे, चौघांनी आत जायचं आणि टेप वाजू द्यायची. रॉकचा भाग सुरू झाला की धूर-प्रकाशाच्या धडाक्यात परत यायचं. प्रेक्षक तेवढा वेळ ऑपेरा स्वतः गात.

24 नोव्हेंबर 1991 ला फ्रेडी एड्सनं गेला. गाणं पुन्हा बाजारात आलं आणि त्या नाताळात पुन्हा पहिल्या क्रमांकावर पोचलं. आलेले पैसे एड्सविरोधी कामाला दिले गेले. 20 एप्रिल 1992 ला वेम्ब्लीच्या मैदानावर त्याच्या स्मरणार्थ मोठी मैफल झाली. तिथं ‘बोहेमियन रॅप्सडी’ची सुरुवात गायली एल्टन जॉननं. ऑपेरा टेपवरूनच आला, तिघांच्याच आवाजात, आणि तो संपताच अ‍ॅक्सल रोज रंगमंचावर धावत आला आणि रॉकचा भाग त्यानं उचलला.