नवं-जुनं आणि पाच गुंठे



जून महिना लागला की गट ऑफिसात उसापेक्षा कर्जाच्याच गोष्टी जास्त निघतात. आडसाली लागणीसाठी बेण्याची चौकशी करायला आलेला सभासद जाता जाता हळूच विचारतो, "साहेब, आठ-दहा दिवसांसाठी दीड लाखाची सोय कुठं होईल का?" कशासाठी, ते आम्हाला विचारावं लागत नाही. नवं-जुनं करायचं असतं.

सोसायटीचं कर्ज ऊस बिलातून कापून जातं, तिथं हा प्रश्न कमी. बँकेचं पीक कर्ज असलं म्हणजे बिल सरळ खात्यावर येतं आणि लग्न, मोटरीचं रिवायंडिंग, पोरांची फी, खतवाल्याची उधारी यात विरून जातं. मुदत आली की सावकाराकडून रक्कम उचलायची, बँकेत भरायची, नवं कर्ज निघालं की सावकाराला परत द्यायची. कागदावर फेड झाली.

गेल्या हंगामात एका जाणत्या सभासदांशी बोलणं झालं. वय सत्तरीचं, ऊस बघण्यासारखा. म्हणाले, "कर्ज मी दरसाल नील करतो. एक दिवस थकवलं नाही." खोटं नव्हतं. मग ऊस बिलाच्या पावतीमागंच आम्ही हिशेब मांडला. कर्ज दीड लाख. 7 टक्क्यांनी वर्षाचं व्याज 10,500 रुपये. मुदतीत फेडलं म्हणून केंद्राची 3 टक्के सवलत, म्हणजे 4,500. सावकाराचा दर महिन्याला शेकडा 3 रुपये. पैसे दहाच दिवस वापरले तरी व्याज पुऱ्या महिन्याचं. तेही 4,500. सरकारनं दिलेली सवलत जशीच्या तशी सावकाराच्या घरात! पाच वर्षांत 22,500 रुपये गेले आणि मुद्दल होतं तिथंच.

तरीही थकबाकीत जाण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, कारण राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलतही मुदतीत फेडणाऱ्यालाच आहे. म्हणून लोक करतात. त्यांना नावं ठेवण्याचं आम्हाला कारण नाही. कोणी म्हणतात, माफीची वाट बघू. 2008, 2017 आणि 2019 साली माफी आली हे खरं, पण प्रत्येकीला तारखांची आणि रकमेची अट होती. त्यावर घर चालवता येत नाही.

खरी भीती निराळीच. एका वर्षी आबांचं नवं कर्ज मंजूर व्हायला दीड महिना लागला. सावकाराचं व्याज 9,000 वर गेलं, आणि तेवढे दिवस आबांच्या सहीचा कोरा स्टॅम्प पेपर त्याच्या कपाटात. "झोप नव्हती, साहेब," एवढंच बोलले. कोरी सही कुणालाही देऊ नये. 2014 च्या सावकारी कायद्यानं बिनपरवाना सावकारी हा गुन्हा आहे. तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार देता येते.

आबांना आम्ही सुचवलं ते असं. पाच गुंठे ऊस कर्जाच्या नावानं सोडायचा. गुंठ्याला एक टन आणि, हिशेबाला सोपं म्हणून, टनाला 3,000 धरले तर 15,000 होतात. बिल जमा झालं त्याच दिवशी ते वेगळ्या ठेवीत टाकायचे. पुढच्या जूनला सावकाराकडून दीड लाखाऐवजी 1,35,000 च उचलावे लागतील. दरसाल असंच. दहाव्या वर्षी, ठेवीचं व्याज धरलं तर त्याआधीच, नवं-जुनं स्वतःच्या पैशानं होईल. ऊस बिलावर प्राप्तिकर नाही, पण ठेवीचं व्याज हे शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, एवढं ध्यानात असू द्यावं. आणि घरातला ऊस कमी करवत नसेल, तर माती परीक्षण करून खत द्यावं, बाळबांधणी वेळेवर करावी. एकरी पाच टन वाढवणं आमच्या गटात अनेकांना जमलं आहे.

आबा बराच वेळ पावतीकडं बघत बसले. मग विचारलं, "पाच गुंठं बांधाकडची धरायची का मधली?"

बांधाकडचा ऊस बारीक असतो, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. आम्ही म्हटलं, "मधली, आबा."